पांढऱ्या चिठ्ठीचं पाणी

१

उत्तमराव सोनकांबळे यांची सकाळ गेली एकतीस वर्षं एकाच चालीनं चालत आली होती. हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या गल्लीतून निघून सव्वासहाची बस, उप्पलच्या पुढे उतरायचं, संशोधन केंद्राच्या गेटावर सही, आणि मग आंघोळ. घरून आंघोळ करून निघालेल्या माणसानं तिथं पुन्हा आंघोळ करायची, कारण आत उंदीर राहतात आणि त्यांना म्हणे माणसांचे रोग लागतात. या नियमावर तरुणपणी ते पोट धरून हसायचे. आता हसण्याचा उत्साह उरला नव्हता. गाऊन चढवायचा, तोंडावर मास्क बांधायचा, रबरी चपला घालायच्या आणि दुखरा उजवा गुडघा ओढत चार नंबरच्या खोलीत शिरायचं. फेब्रुवारीत साठ पूर्ण होणार होती. त्यानंतर बिलोलीजवळच्या गावी जाऊन बाजेवर पडून राहायचं, कुणाला खायला घालायचं नाही आणि कुणाची घाण काढायची नाही, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं.

चार नंबरला खिडकी नव्हती. छतातून हवा येण्याची एकसारखी घरघर चालू असे आणि तिच्या खाली बारीक टकटक. उंदीर पाणी चाटतात तेव्हा बाटलीच्या नळीतली लोखंडी गोळी हलते, तिचा तो आवाज. भिंतीशी पिंजऱ्यांच्या चार मांडण्या होत्या आणि प्रत्येकीला एका रंगाची चिठ्ठी होती, लाल, निळी, पिवळी आणि पांढरी. प्रयोग मेधा मॅडमचा. प्लास्टिकातून, डब्यांतून, औषधांतून माणसाच्या अन्नात हार्मोनसारखं जे काय उतरतं ते उंदरांच्या माद्यांना पाण्यातून द्यायचं आणि त्यांच्या पोटातल्या पिल्लांचं काय होतं ते पाहायचं. कोणत्या रंगाच्या पाण्यात किती आणि कोणत्या रंगात मुळीच नाही, हे खुद्द मॅडमनासुद्धा ठाऊक नव्हतं. ते एका बंद पाकिटात, आणि पाकीट केंद्राच्या मोठ्या साहेबांच्या कपाटात. कुणी मनानं डावं-उजवं करू नये म्हणून ही तजवीज.

दर शनिवारी पिंपांत उरलेलं पाणी वेगळ्या टाकीत ओतून द्यायचं, असा नियम होता. लाल, निळं, पिवळं उत्तमराव ओतून देत. पांढरं त्यांच्यानं ओतवत नसे. ते लहान असताना गावात त्यांच्या वस्तीतल्या बायकांना विहिरीला शिवू देत नसत. आई घागर घेऊन काठापासून लांब उभी राहायची, कुणाला दया येऊन वरून पाणी घातलं तर घातलं. कधी दुपार टळायची. अशा आईच्या मुलानं चांगलं गाळलेलं, स्वच्छ पाणी ओतून टाकायचं म्हणजे हात धजत नाही हो, नियम काहीही सांगो.

आणि पांढरं म्हणजे साधं, हे त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. पांढऱ्या चिठ्ठीच्या माद्या सगळ्यांत गुबगुबीत, अंगावरचे केस चकचकीत, भूक चांगली. एकतीस वर्षं उंदीर पाहिलेल्या माणसाला तेवढं कळत नसेल तर मग काय उपयोग! तर दर शनिवारी दुधाच्या दोन किटल्या भरून ते पाणी घरी जाई. गेटावरचा वॉचमन विचारायचा, "क्या चाचा, चूहों का पानी?"

"हौ," उत्तमराव म्हणायचे. "तुझ्या नळाच्यापेक्षा बरंय."

२

त्या मंगळवारी पांढऱ्या मांडणीतली पिल्लं चार दिवसांची झाली होती. चार दिवसांचं पिल्लू म्हणजे करंगळीएवढा गुलाबी जीव. डोळे मिटलेले, कान मिटलेले. ऊब लागते म्हणून सगळी एकमेकांत घुसून गोळा होऊन पडतात. एकतीस वर्षांत उत्तमरावांनी असे हजारो गोळे पाहिले होते.

इथं गोळा नव्हता. नऊ पिल्लं एका ओळीत पडली होती, शेजारी शेजारी, आणि नऊच्या नऊ डोकी पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूला होती. त्यांच्याकडे.

आईनं तशी ठेवली असतील, असं म्हणून ते पुढच्या पिंजऱ्याकडे गेले. तिथंही तसंच. त्याच्या पुढच्यातही. मग ते बाटल्या धुवायला खोलीच्या पलीकडच्या टोकाला बेसिनपाशी गेले. वीस मिनिटांनी वळून पाहिलं तेव्हा मांडणीतली सगळी पिल्लं तिरकी झाली होती. आता डोकी बेसिनकडे होती.

छतातली हवा तिकडून येत असेल, असं उत्तमराव स्वतःशी म्हणाले. हवेचा झोत असतो, त्याला पाठ करायची की तोंड करायचं हे जनावर ठरवतं, यात काय एवढं. त्यांनी एक पिंजरा उचलून उलटा ठेवला आणि समोर उभे राहिले. पिल्लं हळूहळू वळली. चार दिवसांच्या पिल्लाला धड सरकता येत नाही. तरी ती पोटावर रेटा देत, थांबत, पुन्हा रेटा देत वळली, आणि त्यांच्याकडे तोंड झाल्यावर गप पडली.

लाल, निळ्या आणि पिवळ्या मांडणीतली पिल्लं नेहमीसारखी गोळा होऊन झोपली होती. उत्तमरावांनी वहीत लिहिलं, 'पिल्ले ठीक.' दुसरं लिहिणार तरी काय?

३

घरी सून रोशनीला सातवा महिना लागला होता. प्रज्ञेश, उत्तमरावांचा मुलगा, हायटेक सिटीत शिफ्टची नोकरी करायचा, त्यामुळे दिवसभर घरात सासू-सुनाच. गल्लीतलं बोअरचं पाणी एवढं जड की डाळ शिजता शिजत नसे. रोशनीला दुसरा महिना लागला तेव्हाच किटल्या घरी येऊ लागल्या होत्या. केसरबाईंनी तेव्हापासून फर्मान काढलं होतं की किटलीतलं पाणी फक्त सुनेला प्यायला, आणि उरलं तर डाळीला.

त्या संध्याकाळी ते जिना चढत असतानाच आतून रोशनीचा आवाज आला. "आई, मामा आले. चहा टाका." त्यांच्याकडे सासऱ्याला मामा म्हणायची रीत.

"तुला कसं कळलं गं?" केसरबाईंनी विचारलं.

"हा सांगतो ना." रोशनी पोटावर हात ठेवून हसत होती. "मामा गल्लीत शिरले की दाराच्या साइडला येऊन बसतो. रोजच. मी टायमिंग लावून बघितलं, प्रॉमिस."

"मग झालंच," केसरबाई म्हणाल्या. "आजोबा लाडका. आम्ही दिवसभर करू लालो ते गेलं वाया."

उत्तमरावांना इतकं बरं वाटलं की गुडघा दुखायचा थांबला. आपली वाट पाहणारं कुणीतरी आहे, तेही अजून जन्माला न आलेलं, हा आनंद त्यांनी चहासोबत घोट घोट प्यायला. सकाळची पिल्लं त्यांना त्या वेळी आठवलीही नाहीत. आठवली ती अंथरुणावर पडल्यावर, आणि मग बराच वेळ त्यांना कूस बदलावीशी वाटेना.

४

पिल्लं दहा दिवसांची झाली तेव्हा त्यांनी मेधा मॅडमना बोलावून दाखवलं. मॅडम पुण्याच्या, पन्नाशीच्या आतबाहेर, अहवाल लिहून लिहून डोळ्यांखाली काळं झालेलं. त्या मांडणीच्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या, उत्तमराव उजव्या. पिल्लं उजवीकडे वळली. मग दोघांनी जागा बदलल्या. पिल्लं डावीकडे वळली.

"तुम्ही पाणी देता ना त्यांना," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हातांचा वास ओळखीचा झाला असेल."

"ह्यांना कुठं पाणी देतो, मॅडम? ही अजून आईच्या दुधावर आहेत."

मॅडमनी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. दोनदा घेतला.

"पांढरी म्हणजे साधं पाणीच ना?" उत्तमरावांनी विचारलं. जमेल तेवढ्या सहजपणे विचारलं.

"कुणी सांगितलं? साधं पिवळीचं असेल, लालचं असेल. मलाच माहीत नाही, म्हणून तर ते पाकीट."

"पण पांढरीचे उंदीर लई चांगले आहेत. त्रास असता तर दिसला असता."

मॅडमनी मास्क खाली ओढून श्वास घेतला. "उत्तमराव, गंमत अशी असते की जास्त दिलं तर शरीराला समजतं, हे बाहेरचं आहे. ते दार लावून घेतं. अगदी थोडं दिलं तर समजतच नाही. त्याला वाटतं, हे आपलंच आहे. मग ते त्याच्याप्रमाणे पुढचं बांधकाम करत जातं. मोठ्यांचं बांधून झालेलं असतं, त्यांना काही होत नाही. जे पोटात असतात त्यांचं होतं."

"काय होतं?"

"तेच तर बघतोय," मॅडम म्हणाल्या आणि घड्याळ बघून मीटिंगला गेल्या.

त्या शनिवारी उत्तमराव पांढऱ्या पिंपासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी किटल्या भरल्या. एका आठवड्यानं काय बिघडणार आहे, आणि मॅडमना तरी कुठं ठाऊक आहे, असं त्यांचं मन त्यांना समजावत होतं. दमलेल्या माणसाला समजावणं सोपं असतं.

५

दोन आठवड्यांनी गावी चुलतभाऊ वारला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जाणं भाग होतं. उत्तमराव तीन दिवसांची रजा टाकून नांदेडच्या गाडीत बसले. खरं सांगायचं तर भावाच्या दुःखापेक्षा बाजेवर पडायला मिळणार याचंच त्यांना सुख झालं होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी केसरबाईंचा फोन आला. "ओ, रोशनीच्या कुशीत लई दुखू लालं. लेकरू एका बाजूला जाऊन बसलंय, हलंना. पोट एका अंगाला आलंय, बघवत नाही. डॉक्टरीण म्हणती असं होतंय कधी कधी."

"कोणत्या अंगाला?"

"आता अंग काय विचारता? ती कूस बदलली की ते बी बदलतंय. कशी बी झोपली तरी ते आपलं मोरीच्या भिंतीकडंच."

घरातली मोरीची भिंत नांदेडच्या बाजूला होती. उत्तमरावांनी ते मनातल्या मनात दोनदा ताडून पाहिलं. अंगणात लोक जेवायला बसत होते. कुणीतरी त्यांना पंगतीत बोलावत होतं.

तासाभरानं मेधा मॅडमचा फोन आला. "उत्तमराव, कधी येताय? पांढरीची पिल्लं काही खात नाहीयेत. परवाच आईपासून वेगळी केली ना, तेव्हापासून सगळी पिंजऱ्याच्या एका कोपऱ्याला चिकटून आहेत. पाण्याची बाटली अगदी तोंडाला लावली तरी वळत नाहीत. आज सकाळी अकरा मेली."

"मी निघतो," उत्तमराव म्हणाले.

"मी तसं म्हणत नव्हते, तुमच्या घरी एवढं…" मॅडम थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पण या."

ते न जेवता निघाले. गाडी हैदराबादेत शिरली तेव्हा उजाडलं होतं. घरी न जाता ते तडक उप्पलला गेले, आंघोळ केली, गाऊन घातला आणि चार नंबरचं दार उघडलं. आत पांढऱ्या मांडणीत एकही टकटक नव्हती. ते मध्यभागी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं एका बाटलीतली गोळी हलली. मग दुसरीतली. मग सगळ्या मांडणीतून टकटक सुरू झाली, एवढी की हवेची घरघर ऐकू येईना.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा रोशनी गाढ झोपली होती. केसरबाई म्हणाल्या, सकाळी तुमची गाडी आली असंल तेव्हापासून दुखायचं थांबलं बघा.

६

एवढी पिल्लं मेल्यावर प्रयोग थांबवावा लागला आणि पाकीट उघडलं गेलं. मेधा मॅडमनी चार नंबरमध्ये येऊनच सांगितलं. साधं पाणी निळीचं होतं. पांढरीत सगळ्यांत कमी मात्रा होती, इतकी कमी की मोजायच्या यंत्रालाही जेमतेम सापडावी.

"आणि लालमध्ये सगळ्यांत जास्त," त्या म्हणाल्या. "तिला तर काहीच झालेलं नाही."

उत्तमरावांच्या जिभेवर आलं होतं. मॅडम, ते पाणी माझी सून पाच-सहा महिने पितेय. एवढंच वाक्य. पण ते बोलल्यावर काय होणार होतं? नोकरीचं जे व्हायचं ते होवो, त्याची पर्वा त्यांना नव्हती. मॅडम रोशनीला तपासायला बोलावतील, मोजतील, वहीत लिहितील. पिंजऱ्यांवर चिठ्ठी कशी लावतात ते त्यांना पाठ होतं. त्यांनी ते वाक्य गिळलं. हे चूक आहे हे गिळताना त्यांना नीट ठाऊक होतं.

"राहिलेल्या पिल्लांचं काय करणार?" त्यांनी विचारलं.

"आता ठेवून उपयोग नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेल्या.

घरी येऊन त्यांनी दोन्ही किटल्या उचलल्या आणि मोरीत रिकाम्या केल्या. केसरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं भांडं विसळलेलं पाणीसुद्धा झाडाला, कुंडीला, कशाला ना कशाला घातलं होतं.

"काय करू लालात?"

"वास मारत होतं."

"सकाळी तर मी दिलं की तिला. काही वास नव्हता." केसरबाईंचा चेहरा उतरला होता. "ओ, माझ्याकडं बघा. कशाचं पाणी होतं ते?"

"पाणीच होतं," उत्तमराव म्हणाले आणि कपडे न बदलता भिंतीला टेकून बसले.

७

दिवस भरले तेव्हा रोशनीला गल्लीच्या टोकाच्या नर्सिंग होममध्ये नेलं. सकाळचे दहा वाजले होते. तीन मजल्यांची इमारत, बाळंतपणाची खोली दुसऱ्या मजल्यावर. उत्तमराव बाहेरच्या बाकावर बसले, प्रज्ञेश येरझाऱ्या घालत होता, केसरबाई आत होत्या.

डॉक्टर अनुराधा बाहेर आल्या. "बाळ आडवं आहे," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात तपासलं तेव्हा डोकं व्यवस्थित खाली होतं. आता पूर्ण आडवं, डोकं या भिंतीकडे." त्यांनी हातानं दाखवलं ती भिंत बाकाच्या मागची. "ऑपरेशन करावं लागेल, पण तिच्या रक्तातल्या प्लेटलेट फार कमी आहेत. कापलं तर रक्त थांबायचं नाही. रक्ताची सोय होईपर्यंत वाट बघू. देर नको व्हायला, एवढंच."

प्रज्ञेश फोन काढून रक्तासाठी मित्रांना विनवू लागला. उत्तमराव बाकावर बसून गेल्या आठवड्याचा विचार करत होते. तपासणीच्या वेळी ते कुठं होते? इथं नव्हते. याच इमारतीत तळमजल्यावर औषधांचं दुकान आहे, तिथं गोळ्या घेत उभे होते. बरोबर या खोलीच्या खाली.

असं काही नसतं, त्यांच्या मनातला शहाणा माणूस म्हणाला. लेकरं फिरतात पोटात. गेल्या आठवड्यात खाली होतं, आज आडवं आहे, उद्या आणखी कसं असेल. पण तो शहाणा माणूस चार नंबरच्या खोलीत कधी गेला नव्हता. उत्तमराव उठले.

"पप्पा, कुठं चालले? तुम्ही बसा, तुमचा गुडघा…"

"खाली आहे मी," ते म्हणाले.

दुकानाच्या मागं चादरी धुवायची खोली होती. वरच्या खोलीचा अंदाज घेत, खिडक्या मोजत, ते त्या खोलीच्या मधोमध आले आणि ओल्या फरशीवर मांडी घालून बसले. गुडघ्यातून कळ निघाली ती थेट कमरेपर्यंत. चादरी पिळणारी बाई बघतच राहिली.

"चाचा, कायकू बैठे यहाँ?"

"थोडा वक्त बैठने दे, अम्मा. लडकी ऊपर है."

तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं त्यांच्याखाली एक कोरडी चादर सरकवली आणि आपल्या कामाला लागली. उत्तमराव छताकडे बघत बसले. छताला पोपडे आले होते. चादरी धुवायचं मशीन थरथरत होतं, थांबत होतं, पुन्हा थरथरत होतं. ये बाबा, ते मनात म्हणत होते. इकडं ये. खाली ये. आयुष्यात इतकं मनापासून त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं, आणि इतकं भीत भीतही नाही. ते खरंच आलं तर काय, ही भीती. आणि नाही आलं तर सुनेचं काय, ही दुसरी.

सव्वाबाराला प्रज्ञेशचा फोन आला. "पप्पा, डोकं खाली आलं. आपोआप. डॉक्टर म्हणाल्या हातानं दाबूनसुद्धा असं वळवता येत नाही. वर या ना."

"होईपर्यंत नाही," उत्तमराव म्हणाले.

एक वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. कापावं लागलं नाही.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पहिल्यांदा त्या खोलीत गेले. तोपर्यंत काही ना काही कारण काढून टाळलं होतं. रोशनी उशाला टेकून पेज पीत होती, पांढरीफटक पण हसरी. पाळणा खिडकीशी होता आणि केसरबाई त्याच्या कडेला. मुलगी चांगली होती. दहा बोटं हातांची, दहा पायांची, डोक्यावर दाट जावळ, डोळे घट्ट मिटलेले. डॉक्टरांनी सगळं तपासून ठीक म्हणून लिहिलं होतं.

"मामा, कालपासून दूधच घेत नव्हती नीट," रोशनी म्हणाली. "आत्ता घेतलं. तुम्ही जिन्यात होता ना, तेव्हा."

उत्तमराव पाळण्याच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. कपड्यात गुंडाळलेल्या त्या एका दिवसाच्या जिवानं रेटा दिला, थांबला, पुन्हा रेटा दिला. मान त्यांच्या बाजूला येईपर्यंत हे चाललं. मग ती गप झाली.

केसरबाई पाळण्यावर वाकल्या. "डोळे मिटलेत," त्या म्हणाल्या, "अन् बघू लाली तुमच्याकडं."

"हौ."

"फेब्रुवारीत गावाकडं जायचं ना आपण? घराचे पत्रे बदलायला सांगितलेत तुम्ही."

"नाही जायचं. कळव त्यांना."

"मग?"

उत्तमरावांनी हिशेब मांडून पाहिला होता, रात्रभर तोच चालला होता. वडील त्रेसष्टाव्या वर्षी गेले, काका एकसष्टाव्या. दोघांचंही हृदय. त्यांची स्वतःची छाती जिना चढताना हल्ली धरून येत होती आणि ते कुणाला बोलले नव्हते. आपण गेल्यावर ही तीन वर्षांची पोर मातीच्या भिंतीकडे, बुद्धविहारामागच्या स्मशानाकडे तोंड करून बसलेली त्यांना दिसत होती, पाण्याचा पेला तिच्या तोंडाशी धरलेला. इतकी वर्षं त्यांना आराम हवा होता, नुसता पडून राहायचा आराम. तो आता कुठल्याच प्रकारे मिळायचा नव्हता, अगदी शेवटचा जो सगळ्यांना मिळतो तोसुद्धा.

"उद्या मला त्या हृदयाच्या डॉक्टरकडं घेऊन चल," ते म्हणाले. "छातीचं सगळं तपासून घ्यायचंय. ते काय गोळ्या-बिळ्या म्हणतील त्या घेईन."

"तुम्ही? तुम्ही तर सर्दीला गोळी घेत नाही."

"मला अजून लई वर्षं लागणार आहेत, केसर."

रोशनीनं पेजेची वाटी खाली ठेवली. पाळण्यात पोरगी तशीच पडून होती, मान त्यांच्याकडे ताणलेली, त्या कोवळ्या मानेला पीळ पडलेला. उत्तमराव गुडघ्यावर हात टेकून उठले. स्टूल उचलून त्यांनी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला नेलं, तिला मान वाकवावी लागणार नाही अशा जागी ठेवलं, आणि बसले.